जंगलाची जमीन विकता येते का? खानापूर-बेळगाव भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नागरगाळी या पट्ट्यात जमिनीला गिऱ्हाईक वाढले आहे. फार्म हाऊस हवे, रिसॉर्ट हवे, निदान जंगलाला लागून चार गुंठे तरी हवेत, असे म्हणत बाहेरची माणसे येतात. त्यांच्या मागोमाग बातम्याही येतात: सरकार जंगल विकणार आहे, फॉरेस्टची जमीन ‘करून’ मिळते, आपली वहिवाटीची शेती आता जाणार. यातले थोडे खरे आहे आणि बरेचसे खोटे आहे. मधल्यामध्ये साधा माणूस पैसा तरी घालवतो नाहीतर हक्क तरी. म्हणून लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत घेऊन उत्तरे दिली आहेत. कायदा काय सांगतो ते कायदा म्हणून लिहिले आहे. आमचे मत आले आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावे.

सरकार मनात आणले तर जंगल विकू शकते का?

राज्य सरकारला ते एकट्याने करता येत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘वने’ हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. त्यानंतर १९८० चा वनसंरक्षण कायदा आला. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम झाले. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार राखीव जंगलाचा दर्जा काढणे, जंगलाची जमीन वनेतर कामाला वापरणे, ती खासगी माणसाला किंवा कंपनीला भाडेपट्ट्याने देणे, लागवडीसाठी नैसर्गिक झाडी साफ करणे यातले काहीही करायचे झाले तर केंद्राची आगाऊ मंजुरी लागते.

जमीन विकायची तर आधी तिचा जंगलाचा दर्जा काढावा लागतो. तिथे आणखी एक कुलूप आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००० रोजी आदेश दिला की पुढील आदेशापर्यंत कोणतेही जंगल, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान दर्जामुक्त करायचे नाही. त्यामुळे उद्या लिलाव पुकारून भीमगड अभयारण्याचा डोंगर कोणाला विकला जाईल ही भीती कोणी घालत असेल, तर ती मनातून काढून टाका. जंगल हातातून जाण्याची वाट वेगळी आहे. ती पुढच्या प्रश्नात सांगतो.

विकता येत नाही, तर मग जंगलातून धरण, रस्ता, विजेचे टॉवर कसे होतात?

‘वळती’ करून. जमीन वनखात्याचीच राहते, कागदोपत्री तिचा दर्जाही जंगलाचाच राहतो, पण ठरावीक कामासाठी ती दुसऱ्या यंत्रणेला वापरायला दिली जाते. काम करणारी यंत्रणा ‘परिवेश’ या केंद्राच्या पोर्टलवर अर्ज टाकते. जागेवर जाऊन पाहणी करायची ती डीसीएफ (उपवनसंरक्षक) कार्यालयाने. तिथून प्रस्ताव बेंगळुरूला जातो आणि पुढे केंद्राकडे. आधी तत्त्वतः मंजुरी मिळते, अटी पुऱ्या झाल्या की अंतिम मंजुरी.

अटींमध्ये दोन मोठ्या असतात: पर्यायी वनीकरण, म्हणजे बदल्यात दुसरीकडे झाडे लावणे, आणि जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे गेलेल्या जंगलाची भरपाई. हे मूल्य सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरवले होते, २०२२ मध्ये ते साधारण दीडपट झाले. हा पैसा २०१६ च्या पर्यायी वनीकरण निधी कायद्याप्रमाणे जमा होतो. त्यातला ९० टक्के वाटा राज्याकडे येतो, १० टक्के केंद्राकडे राहतो.

म्हादईचे पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचे उदाहरण आपल्या दारातलेच आहे. म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये मलप्रभेत वळवण्यासाठी कर्नाटकाला ३.९ टीएमसी पाणी दिले, कळशातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८. लवादाचा निवाडा मिळाला म्हणजे जंगल मिळाले असे होत नाही. कणकुंबीच्या बाजूच्या वनजमिनीसाठी वेगळी मंजुरी लागते, आणि वन्यजीवांचा प्रश्न असेल तिथे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचीही. म्हणून तर हे काम वर्षानुवर्षे दिल्लीच्या टेबलांवर फिरते आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. ‘जंगल विकले’ म्हणून ओरडण्यात जी ताकद जाते तिच्यातली निम्मी जरी वळतीच्या प्रस्तावांवर घातली, तरी गावांचे जास्त भले होईल. ठेकेदाराची माणसे झाडांवर नंबर टाकायला आल्यावर गावाला कळते, आणि तोवर तत्त्वतः मंजुरी होऊन गेलेली असते. परिवेशवरचे प्रस्ताव कोणालाही पाहता येतात. गावातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी महिन्यातून एकदा आपल्या तालुक्याचे नाव टाकून तिथे पाहावे. पर्यायी झाडे दूर कुठल्यातरी माळावर लागतील, पण आटलेला झरा आपल्याच वाडीचा असेल.

२०२३ च्या दुरुस्तीत सीमेपासून १०० किलोमीटरला सूट आहे. मग सीमाभागातले जंगल मोकळे झाले का?

नाही. हा गैरसमज आपल्याकडे फार पसरला आहे. ती सूट आंतरराष्ट्रीय सीमा आणि नियंत्रण रेषांसाठी आहे, तीही देशाच्या सुरक्षेशी संबंधित प्रकल्पांना. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या किंवा गोव्याच्या हद्दीशी तिचा काही संबंध नाही.

एखादी जमीन जंगल आहे की मालकीची, हे कसे ओळखायचे?

एका कागदावर कधीच विसंबू नका, कारण आपल्या भागात जंगल मुख्यतः तीन तऱ्हेने नोंदले गेले आहे.

पहिली तऱ्हा जुन्या राखीव जंगलाची. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत खानापूर-बेळगाव मुंबई राज्यात होते. त्यामुळे इथल्या बऱ्याच जंगलांच्या अधिसूचना १८७८ आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्यांखाली मुंबई सरकारच्या गॅझेटमध्ये निघाल्या आहेत. राज्य बदलले म्हणून त्या रद्द झाल्या नाहीत. कर्नाटकच्या संगणकावर एखादी नोंद दिसली नाही, तरी जुन्या गॅझेटात तो सर्व्हे नंबर असू शकतो.

दुसरी तऱ्हा ‘कलम ४’ची. कर्नाटक वन कायदा १९६३ प्रमाणे कलम ४ खाली सरकार फक्त आपला इरादा जाहीर करते. मग वन व्यवस्थापन अधिकारी लोकांचे दावे ऐकतो, आणि शेवटी कलम १७ ची अधिसूचना निघाली की जंगल राखीव होते. मधली ही पायरी कित्येक ठिकाणी अनेक वर्षे लोंबकळत पडली आहे. कलम ४ झाले म्हणजे तुमचा हक्क बुडाला असे नाही, पण तो लेखी मांडावा लागतो. पिढीजात कसतो आहोत म्हणून गप्प बसलेल्यांचेच नुकसान होते.

तिसरी तऱ्हा मानीव जंगलाची. टी. एन. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी सांगितले की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल ते जंगलच. त्यावरून कर्नाटकात आधी ९.९४ लाख हेक्टर मानीव जंगल मोजले गेले, आणि २०२२ मध्ये ते सुमारे ३.३० लाख हेक्टरवर आणले. महसूल खात्याच्या नावावरची जमीनही या यादीत असू शकते. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याख्या आखडती घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने १९९६ चीच व्याख्या पाळायला सांगितले.

हातात ठेवायचे कागद असे. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या संकेतस्थळावरची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढा आणि अकरावा रकाना नीट वाचा, बोजा आणि इतर हक्क तिथे असतात. पहाणी कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर ओळखीच्या माणसाकडून शब्दन्‌शब्द समजून घ्या, एजंटाकडून नको. मोबाईलवर ‘दिशांक’ ॲप टाकून प्रत्यक्ष जागेवर उभे राहिलात तर आपण कोणत्या सर्व्हे नंबरात आहोत ते दिसते. शेवटी आरएफओ (वनक्षेत्रपाल) कार्यालयाकडून त्या सर्व्हे नंबरबद्दल लेखी मागा. गार्ड तोंडी ‘काय नाही, करा तुम्ही’ म्हणाला, याला कागदाची किंमत नाही.

एजंट म्हणतो फॉरेस्टची जमीन रजिस्टर करून देतो. घ्यावी का?

अजिबात घेऊ नये. सब-रजिस्ट्रारकडे दस्त नोंदला गेला म्हणजे मालकी आली असे नव्हे. विकणाऱ्याकडे जे नाही ते तो तुम्हाला देऊ शकत नाही.

पुण्याजवळच्या कोंढवा बुद्रुकची गोष्ट आपल्या लोकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. तिथली सुमारे ११.८९ हेक्टर राखीव वनजमीन १९९८ मध्ये शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला दिली गेली आणि लगेच एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली. मंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या सह्या कागदावर होत्या. तरीही १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले आणि जमीन वनखात्याला परत करायला लावली. त्याच निकालात न्यायालयाने सर्व राज्यांना विशेष तपास पथके नेमायला सांगितले. महसूल खात्याच्या ताब्यातली राखीव वनजमीन कुठे खासगी हातांत गेली आहे का ते या पथकांनी शोधायचे आहे. हा आदेश कर्नाटकालाही लागू आहे. बेंगळुरूत तर एचएमटीकडे गेलेली, आणि पुढे काही भाग विकलेली जमीन राखीव जंगल आहे म्हणत वनखाते तिच्या मागे लागले आहे. एवढ्या मोठ्या कारखान्याची ही स्थिती, तर आपल्या पाच गुंठ्यांचा दस्त कुठे टिकणार?

दुसरीही बाजू आहे. २०२० च्या दुरुस्तीने कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ, ७९ब ही कलमे गेली, त्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. जंगलाला लागून असलेली मालकीची शेते त्यामुळे झपाट्याने हात बदलत आहेत. हे व्यवहार कायदेशीर आहेत. पण शेत विकून झाल्यावर त्या शेतातून जाणारी गुरांची वाट, पाणंद, ओढ्याचा उतार यांचे काय होते, ते विकण्याआधी घरात बसून एकदा बोला.

बगर हुकूमचा फॉर्म ५७ भरला आहे. फॉरेस्टची जमीन नावावर होईल का?

नाही. बगर हुकूम म्हणजे परवानगीशिवाय कसलेली सरकारी जमीन नावावर करून घेणे, आणि त्याचे फॉर्म ५०, ५३, ५७ हे महसूल खात्याच्या सरकारी जमिनीसाठी आहेत. वनजमिनीला ते लागू नाहीत, पावती हातात असली तरी. या जमिनीबद्दल जुनी सवलत एकच, २७ एप्रिल १९७८ पूर्वीच्या अतिक्रमणांची, आणि तिच्यासाठी केंद्राची मंजुरी लागली होती. आज वनजमिनीवर राहणाऱ्यासाठी खरा दरवाजा वनहक्क कायद्याचा आहे.

वनहक्क कायद्याखाली आम्हाला काय मिळू शकते? आम्ही तर अनुसूचित जमातीत नाही.

हा प्रश्न गवळीवाड्यांवर, कुणबी वस्त्यांवर, भीमगडच्या आतल्या गावांत सगळीकडे निघतो, म्हणून सविस्तर सांगतो.

२००६ च्या कायद्यात दोन प्रकारचे लोक येतात: अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी. सिद्दी समाज २०२० पासून बेळगाव जिल्ह्यातही अनुसूचित जमातीत आहे, पूर्वी ती मान्यता उत्तर कन्नडपुरती होती. धनगर गवळी, मराठा, कुणबी इथे जमातीत नाहीत, ते ‘इतर’मध्ये अर्ज करतात. दोघांनाही १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर मिळू शकते. ‘इतर’साठी जादा अट म्हणजे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो.

ढीगभर दावे इथेच पडतात, आणि बऱ्याचदा चुकीच्या कारणाने. ७५ वर्षे त्याच तुकड्यावर नांगर चालवल्याचा पुरावा कायदा मागत नाही. त्या भागात राहून जंगलावर पोट असल्याचा पुरावा ७५ वर्षांचा, आणि त्या तुकड्याची वहिवाट २००५ पूर्वीची, एवढेच लागते. कोणी याहून जास्त मागत असेल तर कायद्याची प्रत पुढे ठेवा आणि नकार लेखी घ्या.

पुरावा कुठून आणायचा? नियमाप्रमाणे किमान दोन पुरावे लागतात, आणि त्यांची यादी लोकांना वाटते त्याहून सैल आहे. जुनी मतदारयादी, शाळेचा दाखला, चराई फीची पावती, गुन्हा नोंदवल्याचा वनखात्याचा कागदसुद्धा चालतो. मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर, जुनी जनगणना चालते. विहीर, देवराई, स्मशान, पडक्या घराचे जोते ह्या खुणा चालतात. दावेदार नसलेल्या वृद्धांचा लेखी जबाब चालतो. १९५६ पूर्वीचे दप्तर मराठीत आहे, काही मोडीतही. ज्या घरात मोडी वाचणारे आजोबा अजून आहेत त्यांनी हे काम या पावसाळ्यातच हाती घ्यावे.

दावा जातो ग्रामसभेकडे. गावातली १० ते १५ जणांची वनहक्क समिती पाहणी करते. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजरांपैकी एक तृतीयांश बायका. पुढे प्रांतांची उपविभागीय समिती, मग डीसींची (जिल्हाधिकाऱ्यांची) जिल्हा समिती. नकार मिळाला तर ६० दिवसांत अपील करता येते. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत वननिवासीला जमिनीवरून काढता येत नाही. कोणी नोटीस आणली तर दाव्याची पोच दाखवा.

मिळालेला वनहक्क पुढे विकता येतो का?

नाही. तो वारसाने मुलाबाळांना जातो, पण विकता, बक्षीस देता किंवा हस्तांतर करता येत नाही. लग्न झालेले असेल तर हक्कपत्र नवराबायको दोघांच्या नावावर निघते. काही लोक याला कायद्याची उणीव म्हणतात. आम्हाला ही तरतूद मोलाची वाटते. विकता येत नाही म्हणूनच ती जमीन सावकाराच्या किंवा रिसॉर्टवाल्याच्या घशात जात नाही.

जंगलाचा कारभार कोण करते? गावाला त्यात काही आवाज आहे का?

वनखाते आपल्या कार्य आयोजनेप्रमाणे झाडे लावते, तोडते आणि डेपोवर लाकडाचा लिलाव करते. १९९३ पासून ग्राम अरण्य समित्या आहेत आणि उत्पन्नात त्यांना वाटा ठरलेला आहे. पण सूत्रे खात्याच्याच हातात राहतात.

सामूहिक वनहक्काचे तसे नाही. कायद्याच्या कलम ३(१)(आय) प्रमाणे गावाला आपल्या परंपरागत हद्दीतले जंगल राखण्याचा आणि त्याचा कारभार करण्याचा हक्क मिळतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकला. आपल्याच राज्यात बिळिगिरीरंगन डोंगरातल्या सोलिगांनी २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक हक्क मिळवले. मध, शिकेकाई, कोकम, जांभूळ गोळा करणाऱ्या खानापूरच्या गावांनी हे का करू नये? वैयक्तिक तुकड्यासाठी घरोघर अर्ज भरले जातात, पण सामूहिक दाव्याचा फॉर्म कोरा राहतो. आमच्या मते आपल्या भागात सगळ्यात मोठा राहून गेलेला हक्क हाच आहे. ज्या माळावर एकेकाळी गुरे चरत होती तिथे नीलगिरी आणि अकेशिया उभे राहिले, तेव्हा गावाला कोणी विचारले नव्हते. सामूहिक हक्क असता तर विचारावे लागले असते.

अभयारण्यातल्या गावांना रस्ता, शाळा का मिळत नाही? आणि तळेवाडीसारखे सगळ्यांना उठवणार का?

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ता अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत. भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये १९०.४२ चौरस किलोमीटरवर जाहीर झाले आणि वन्यजीव कायद्याचा मुद्दा वर आला. तेव्हापासून गवाळी, आमगाव, पास्टोली, कोंगळा, देगावकडे जाणारे रस्ते अडकतात. पावसात आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीवरून न्यावे लागते ते याच गावांतून.

भीमगडच्या आतल्या तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी बाहेर पडायला संमती दिली. २०२५ मध्ये त्यांना कुटुंबामागे १५ लाखांच्या मोबदल्यातला १० लाखांचा पहिला हप्ता मिळाला. हे पुनर्वसन स्वेच्छेचे आहे, दुसऱ्या गावांवर त्याची सक्ती करता येत नाही. जायचे की राहायचे हे त्या त्या घराने ठरवावे, आणि ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असे बाहेरून सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. फक्त दोन गोष्टींवर आमचा आग्रह आहे. वनहक्काचे दावे निकाली निघण्याआधी संमतीवर सही करू नये. आणि जे राहणार आहेत त्यांचा रस्ता, वीज, दवाखाना ‘आज ना उद्या उठणारच आहात’ म्हणून अडवू नये. सोयी रोखून मिळवलेली संमती ही संमती नव्हे.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रात आमचे गाव आहे. जमीन जाणार का?

मालकी जात नाही. हे क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या ३१ जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्यात कर्नाटकातले २०,६६८ चौरस किलोमीटर आहेत, खानापूरची गावेही आहेत. मसुद्याचा रोख खाणी, दगडाच्या खाणी, प्रदूषण करणारे कारखाने आणि मोठी बांधकामे यांवर आहे. शेती आणि शेतीची खरेदी-विक्री चालू राहते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा मसुदा नाकारला.

माझ्या मालकीच्या शेतातला साग तोडायला परवानगी लागते का?

लागते. त्यासाठी कर्नाटक वृक्षसंरक्षण कायदा १९७६ आहे. अर्ज आरएफओकडे, सोबत पहाणी आणि हद्दीचा नकाशा. शेत जंगलाला लागून असेल तर आधी हद्द मोजून घ्या. एक झाड पलीकडचे निघाले तर गाडीसकट माल अडकतो.

चंदगडला जमीन घ्यायची आहे. तिथे हेच नियम का?

तिथे सातबारा, महाराष्ट्राचा महसूल कायदा, आणि विकत घेणारा शेतकरी असण्याची अट. शिवाय महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा १९७५ मुळे ३० ऑगस्ट १९७५ रोजी बरीच खासगी जंगले सरकारजमा झाली आहेत. सातबाऱ्यावर ‘खासगी वन’ किंवा ‘वन’ असा शेरा दिसला तर वकिलाकडे जाऊनच पुढचे पाऊल टाका.

तक्रार किंवा माहितीचा अर्ज कुठे, कोणत्या भाषेत करायचा?

वनजमीन कोणी विकत असेल, कुंपण घालत असेल तर आरएफओ आणि तहसीलदार दोघांना लेखी द्या, पोच घ्या, आणि प्रत डीसीएफना पाठवा. वळतीच्या मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाच्या चेन्नई पीठाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. उच्च न्यायालयात जायचे तर आपले पीठ धारवाडला आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कायदा सेवा समितीकडे मोफत वकील मागा. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये करता येतो. मराठी अर्ज परत येऊ शकतो, म्हणून हिंदीत लिहा, लिपी तीच असल्याने सोपे जाते. लिहिताच येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घेण्यास मदत करणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अर्जात सर्व्हे नंबर, गाव आणि अधिसूचनेचे वर्ष टाका. ‘आमच्या गावातल्या जंगलाची सर्व माहिती द्या’ असे मोघम लिहिलेत तर उत्तरही मोघमच येते.